मशीन हललं नाही, नुसतं उठलं

३ ऑक्टोबर, शुक्र.

कारखान्यातलं धातू कापायचं मोठं मशीन बंद. सकाळी चालू केलं तर पडद्यावर लाल पट्टी. जागा बदलल्याचा संशय, कोड टाका. कोड आमच्याकडे नाही. तो मशीन विकणाऱ्यांकडे, समुद्रापलीकडे.

मशीनच्या पोटात त्यांची एक सीलबंद डबी आहे. मशीन हललं, कललं, की ती कुलूप घालते. असल्या मशीनवर आमची साधीसुधी कामं होतात, तसे बाँबच्या कामाचे भागही होऊ शकतात. म्हणून ज्या गावच्या नावानं विकलं त्याच गावात ते राहिलं पाहिजे. हे सगळं मीच सही करून मान्य केलेलं. नऊ वर्षांत डबीनं हूं की चूं केलं नव्हतं.

काल दसरा. दुपारी सोनं वाटत होते तेवढ्यात कोयनेचा धक्का बसला. फडताळातली भांडी वाजली, कुत्री भुंकली, संपलं. आबा म्हणाला, "दुसरं काय आसनार? कोयना हालली." आबा म्हणजे माझा थोरला भाऊ. लष्करातून सुभेदार होऊन आला आणि कारखान्याचा अर्धा मालक झाला. उरलेली अर्धी मी.

पटलं मला. कऱ्हाड-पाटण रस्त्यावर कारखाना काढायचा आणि जमीन हलायची नाही अशी अपेक्षा ठेवायची, हे फक्त परदेशात बसूनच सुचतं. चोर कोण आणि कोयना कोण, एवढंही त्या डबीला कळत नाही.

४ ऑक्टो.

पुण्याच्या कंपनीचा फोन. (यापुढे पु.कं. एवढ्या लांब नावाला माझ्याकडे शाई नाही.) "मॅडम, शेवटच्या तीन जाळ्या महिनाअखेरीला हव्यात म्हणजे हव्यातच, बोट ठरलीय." बोट ठरलीय! इथं मशीन ठरेना.

यशवंत कांबळे आज रजेवरून आला. आमचा फोरमन, वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. दसऱ्याला तो नसतोच, धम्मचक्र दिनाला नागपूरला जातो, तीस वर्षांत एकदा चुकला नाही. लाल पट्टी बघितली, मशीनभोवती एक फेरी मारली. मग आपल्या कामाला लागला. तसा तो कमीच बोलतो.

५ ऑक्टो., रवि.

आबाकडे जेवायला. मालनवहिनींनी विचारलं, ह्या जाळ्या आसत्यात तरी कशाच्या?

सांगितलं. काही देशांनी मिळून अणुइंधनाचा सामायिक साठा केलाय. ज्याला वीज करायचीय त्यानं तिथून इंधन न्यावं, जळून उरेल ते परत द्यावं. मात्र युरेनियम समृद्ध करायचा कारखाना आपल्या घरी काढायचा नाही, कारण तोच रस्ता पुढं बाँबकडे जातो. हे इंधन ज्या पिंपात घालून नेतात, त्याच्या आतली जाळी आम्ही करतो. इंधनाची प्रत्येक कांडी आपापल्या खणात, एकीचा दुसरीला धक्का नाही.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी दळण आमच्याकडनं न्या, पर घरात जातं ठिवायचं न्हाई."

अगदी तेच.

"आन् ज्येंच्या घरात आधीच जाती हायत?"

"ते नियम करणार, वहिनी."

"मग बराय की त्येंचं," म्हणाल्या आणि भाकरी उलटली. मला जे सांगायला पंधरा मिनिटं लागली ते बाईनं दोन वाक्यांत निकालात काढलं.

६ ऑक्टो., कोजागिरी

विकणाऱ्यांची मेल. चौदा प्रश्न. मशीन हलवले काय? का हलवले? कोणाच्या सांगण्यावरून? कारखान्यात अनोळखी व्यक्ती आल्या होत्या काय? मशीनवर दुसऱ्या कोणाचे काम केले काय?

म्हणजे आम्ही दसऱ्याच्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन बाँब करायला बसलो होतो. शेजारी आमचे जुने कामगार शिंदेमामा फायलीनं धार काढत होते. आणि विचारतंय कोण? ज्यांनी आपली कोठारं बाँबनी भरून ठेवलीत त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारे! चोर सोडून संन्याशाला.

मसाल्याच्या दुधाकडे लक्ष नव्हतं, उतू गेलं. तेही त्यांच्याच नावावर लिहिलं.

७ ऑक्टो.

उत्तर पाठवलं. धक्क्याच्या बातमीचं कात्रण जोडलं, खाली भाषांतर. पत्राला दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात. आबानं न वाचता केली. मी वाच म्हटलं. "तू लिवलंय न्हवं, मग झालं."

शेवटी मी आपणहून एक वाक्य घातलं, त्यांनी विचारलेलं नसताना. दसऱ्याच्या सुटीत या मशीनला कोणाही माणसाचा हात लागलेला नाही, ही माझी व्यक्तिशः ग्वाही. बसा म्हणावं आता.

फार बरं वाटलं. नऊ वर्षं तोंड शिवून फॉर्म भरले, आज पहिल्यांदा कुणाला तरी सुनावलं.

९ ऑक्टो.

उत्तर नाही. पु.कं.चे दोन फोन. घेतले नाहीत.

१० ऑक्टो., शुक्र.

राग निवायच्या आत लिहून टाकते.

त्यांना मशीनच्या चारही पायांची मापं लागणार म्हणून यशवंतला लेव्हल घ्यायला सांगितलं होतं. दुपारी केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, जरा चलता का खाली."

मागचा डावा पाय बाकीच्यांपेक्षा वर. पायाच्या बोल्टवर पाना चालवल्याचा ताजा ओरखडा. बॅटरी लावून वाकून बघितलं. पायाखालच्या पोलादी तबकडीच्या कडेला पिवळं. नख लावलं. हळद. आत खोल काहीतरी चपटं, चकाकणारं.

मी म्हटलं, धक्क्यानं पाय उचलला असेल, वरून पूजेची हळद सांडली असेल.

"भूकंप हळद लावत न्हाई, ताई."

विचारलं, हे तुला कधी कळलं? म्हणाला, आलो त्याच दिवशी बोल्ट दिसला. मग इतके दिवस गप्प का? पान्याला चिकटलेलं तेल पुसलं. "मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल. आन् पूजेला मी नसतो. आल्या आल्या पूजेत खोट काढली आसती तर लोक काय म्हणाले आसते, त्ये तुमी सांगा."

काय सांगू? तीस वर्षं एका छपराखाली काम करतोय आणि या माणसाला बोल्टाबद्दल बोलायचीसुद्धा चोरी. त्याच्यावर ओरडायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आणि माझं पत्र जाऊन तीन दिवस झाले. कोणाही माणसाचा हात लागलेला नाही!

१२ ऑक्टो., रवि.

आष्ट्याला जाऊन आले. बाळू जॅकवाला तिथला, जड मशीनं हलवायला सगळा सांगली-सातारा त्यालाच बोलावतो. आमचं मशीन उचलायचं तर त्याच्याशिवाय कुणाची छाती नाही. घरी पाहुणे होते तरी अंगणात येऊन प्रामाणिकपणे सगळं सांगितलं.

"खंडेनवमीला सकाळी आबांनी बोलीवलं. बोल्ट ढिलं क्येलं, मागनं जॅक लावला, दोन बोटं वर घ्येतलं. आबांनी पायाखाली चांदीचं नाणं, सुपारी, हळद-कुकू ठिवलं. परत अल्लाद खाली. आवं ताई, मिशिन हाललं न्हाई, नुसतं उठलं!"

मला का नाही विचारलंस?

"आबा म्हनलं, शैलाला इचारलंय."

बाळूच्या बायकोनं चहा आणला, तो तिथंच ठेवून उठले. असं कधी करत नाही मी. येताना ऊसतोडीच्या बैलगाड्यांमागं अडकले आणि काच बंद करून गाडीत एकटीच भांडले आबाशी. सगळे मुद्दे बिनतोड होते.

१३ ऑक्टो.

समोर एकही मुद्दा आठवला नाही.

आबा जराही ओशाळला नाही. "व्हय, ठिवलं. नऊ वर्सं पाया न पुजता बसलंय त्ये मिशिन. परदेशी पोरांनी आनून आदळलं, ना नारळ ना सुपारी. मे म्हैन्यात शिंद्याचं बोट गेलं. आजून कुनाचं काय जायची वाट बघू? मानसं हायत ती माजी."

शिंदेमामांचं बोट दार उघडं ठेवून मशीन चालवल्यामुळं गेलं. सुपारीअभावी नाही. सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दारबी बसवू आन् सुपारीबी ठिवू. बिगडलं काय?"

मला विचारलंस असं खोटं का सांगितलंस? यावर मात्र खिडकीबाहेर बघितलं. "इचारलं आसतं तर तू हो म्हनली आसतीस?"

नसते म्हटले.

"मग?"

चाळीस वर्षं हाच 'मग'. इंजिनियरिंगला सांगलीला जायचं म्हटलं तेव्हाही यानं आधी वडिलांशी बोलून सगळं ठरवलं होतं, मला शेवटी कळलं. सही माझी, जीभ माझी, फक्त माहिती तेवढी यांची.

नवं पत्र पाठवू म्हटलं, खरं काय ते लिहून. एकदम सुभेदार झाला. "दिलेला रिपोर्ट बदलायचा न्हाई. बदलला की चौकशी, चौकशी लागली की सगळी पल्टन वाळीत. देवाचं काम क्येलंय मी. त्यात बाँब कुठनं आला?"

दार आपटून आले. दाराचं हँडल निघालं.

१५ ऑक्टो., बुध.

विकणाऱ्यांचं उत्तर. जसंच्या तसं उतरवून ठेवते. तुमचे पत्र पोचले. आमच्याही देशात भूकंप होतात आणि ही यंत्रणा अशीच फसते. तुमच्या ग्वाहीवर आमचा पूर्ण विश्वास आहे. आमचा इंजिनियर २४ तारखेला येऊन मशीन सुरू करून देईल. सणाच्या दिवसांत त्रास झाला, क्षमस्व.

क्षमस्व! मेल्यांनी क्षमा मागितली!

बारा दिवस मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. संशय घेतला असता तर भांडता आलं असतं. आता भांडू कुणाशी? संशयाचा राग येतोच, विश्वासाचाही येतो हे आज कळलं.

आबाला दाखवलं. "बघ, मिटलं," म्हणाला आणि पेढे मागवले. यशवंतनं पेढा घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. खाल्ला नाही.

१७ ऑक्टो.

आबाची नवी युक्ती. बाळूला परत बोलवायचं, मशीन उचलायचं, नाणं-सुपारी काढायची, हळद पुसायची. पाहुणा यायच्या आत सगळं चकाचक. म्हणजे एक खोटं झाकायला पुन्हा मशीन उचलायचं! मी म्हटलं, हात लावून बघ.

बरं, डबीच्या आत वेळेची नोंद असते का? पुस्तकात लिहिलेलं नाही. यशवंतलाही ठाऊक नाही. असली तर धक्का दसऱ्याच्या दुपारचा आणि उठणं नवमीच्या सकाळचं, आम्ही जागच्या जागी पकडले जाऊ. नसली तर जन्मात कुणाला कळणार नाही.

खरं सांगितलं तर काय होईल ते लिहून ठेवते, पुन्हा पुन्हा तेच मनात घोळवायला नको. कोड मिळणार नाही, कदाचित कित्येक महिने. तीन जाळ्या राहतील. पु.कं. दुसरीकडे जाईल. आमचं नाव कुठल्याशा यादीत जाईल, मग चांगलं मशीन आम्हाला कुणी विकणार नाही. आमच्याकडे एकोणीस माणसं आहेत. शिंदेमामांना नऊ बोटांनिशी दुसरीकडे कोण घेणार?

आणि नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. हेच तर चिडायला लावतं.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी

पत्र लिहिलं. फाडलं. परत लिहिलं. नाणं, सुपारी, हळद, जॅक, सगळं. 'सुपारी'ला इंग्रजीत काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, शुभ मानलं जाणारं एक कठीण फळ. वाचून स्वतःचीच कीव आली.

२० ऑक्टो.

सगळ्यांना दिवाळीची सुटी. एकटीच कारखान्यात.

तयार जाळ्यांपैकी एक अजून इथंच आहे, पॅक व्हायची. तिच्या खणांतून हात फिरवत बसले. कुठंही कड लागत नाही. यशवंतचं काम. हिच्यात ज्या कांड्या बसतील त्या कुठल्याशा लहान देशात जातील. त्या लोकांनी शब्द दिलाय, आम्ही घरात जातं ठेवणार नाही. दुसऱ्यांनी शब्द दिलाय, मग आम्ही तुमचं दळण अडवणार नाही. सगळा कारभार शब्दावर. पिंप, जाळी, सील, डबी, चौदा प्रश्न, हे सगळं त्या शब्दाला लावलेले टेकू.

आता आम्ही सांगणारे तरी कोण? आपल्या देशानं जातं कुणाला न विचारता घरात आणलं, बाँब फोडून बघितला, गावोगाव पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. मोठ्यांचा ढोंगीपणा मला आजही तितकाच डाचतो. पण माझं पत्र मोठ्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

आबानं मशीनपुढं पणती लावली. हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. मला दाखवून.

२३ ऑक्टो., भाऊबीज

आबा आणि वहिनी आले. दरवर्षी येतात. मी एकटी राहते म्हणून वहिनी घरून चकल्या, चिवडा सगळं घेऊन येतात, जसं काही मला येतच नाही. (येत नाही.)

जेवताना आबानं ती जुनी गोष्ट काढली. शंभरदा ऐकलीय. चांदमारीच्या मैदानावर गोळीबार झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एकदा एक कमी भरली. सगळी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळत होती, जेवण नाही, पाणी नाही. संध्याकाळच्या सुमारास सापडली, एका शिपायाच्या बुटाच्या वळीत. "बावीस वर्सं! रायफल पुजली, तोफ पुजली, पर येक पुंगळी इकडची तिकडं गेली न्हाई."

नेहमी इथं मी हसते. आज हसले नाही.

ओवाळलं. पाटावर बसला होता, टोपी घालून, टिळा लावून, अगदी लहानपणी बसायचा तसा. ताटात साडी ठेवायला लागला. म्हटलं, साडी नको. उघड्या पाकिटातून पत्र काढून पुढं केलं. दोन सह्यांच्या जागा, एक माझी झालेली, एक कोरी.

"शैला, सणाच्या दिवशी ह्ये काय काढलंस?"

म्हटलं, आबा, गोळी उडून गेली होती, तिच्या रिकाम्या टरफलासाठी सगळी तुकडी उपाशी ठेवलीत. का रे? एका पुंगळीनं कुणाचा जीव जाणार होता?

टोपी काढून हातात घेतली.

"परश्न जिवाचा न्हवता," शेवटी म्हणाला. वहिनी दारात उभ्या. त्याच म्हणाल्या, "आवं, बोला की. कशाचा व्हता?"

निरांजन विझायला आलं होतं. त्यानं पत्र उचललं, पाकिटात घातलं, पाकीट सदऱ्याच्या खिशात. साडी ताटात ठेवली. पायात चपला घालताना म्हणाला, "पाहुना किती वाजता येतोय?" दहाला, म्हटलं. गेले.

साडी चांगली आहे. तिचाही राग आला.

२४ ऑक्टो., शुक्र.

साडेनऊला पोचले तर आबा आधीच येऊन गेला होता. वॉचमन म्हणाला, सायेब आल्ते, मिशिनपशी घटकाभर बसले, गेले. बाळू आला होता का? "न्हाई. येकलेच व्हते." बघितलं. पाय तसाच वर, हळद तशीच. यशवंत शेजारी लेव्हल घेऊन उभा. "कुणी हात लावला न्हाई," म्हणाला. मी विचारलं नसताना.

माझ्या टेबलावर पाकीट. मी काल उघडं दिलं होतं, आता डिंकानं घट्ट चिकटवलंय, लष्करी पद्धतीनं कडेपर्यंत. वरच्या कोपऱ्यात हळदीचं बोट. उजेडाला धरून बघितलं, कागद जाड आहे, काही दिसत नाही. आत त्याची सही आहे की ती जागा कोरीच आहे, की पत्राऐवजी दुसरंच काही घातलंय, फोडल्याशिवाय कळायचं नाही. आबाला फोन केला. उचलत नाही.

माझ्या खणात दुसरी प्रत आहे. तिच्यावर माझी एकटीची सही. खरं तेवढ्यानंही सांगून होईल. पण ती काढायची तर आधी हे फोडून बघावं लागेल. न फोडता पाहुण्याला द्यायचं तर आबावर विश्वास हवा, फोडलं म्हणजे त्याच्या पाकिटावर मीही संशयाची डबी बसवली.

वॉचमनचा फोन. गाडी वळणावर दिसतेय म्हणे. कात्री हातात आहे. यशवंतनं मशीनजवळ पाहुण्यासाठी खुर्ची मांडली.